हेल्मेट डोक्याला, मग पायांना काय?

रविवारी पहाटे देवनहळ्ळीत पाहा. नंदी हिल्सचा सूर्योदय गाठायला बंगळुरूहून निघालेल्या बाईक एकामागोमाग एक जात असतात. डोक्यावर हेल्मेट, पायात मात्र चप्पल किंवा कापडी शूज! बाईक आडवी झाली, की तिचं दीडशे-दोनशे किलोंचं वजन बऱ्याचदा पायावरच येतं. म्हणून महिन्यातून एकदाच फिरायला जात असाल, तरी घोटा पूर्ण झाकणारे बूट घ्या.

घेताना हे तपासा:

* घोट्याच्या दोन्ही बाजू, टाच आणि चवडा इथे कडक आवरण हवं.
* बूट दोन्ही हातांनी पिळून बघा. सहज पिळला गेला, तर तो नको.
* लोंबणारी नाडी गिअरमध्ये अडकू शकते. ती झाकणारी वेल्क्रोची पट्टी किंवा चेन हवी.
* लेबलवर 'ईएन १३६३४' हा युरोपीय मानकाचा क्रमांक शोधा. सोबतचे चार आकडे बुटाची उंची आणि घासणं, कापणं, आडवा दाब यांपासूनचं संरक्षण सांगतात. १ पेक्षा २ चांगला.
* संध्याकाळी, मोजे घालून माप घ्या. तोवर पाय थोडे फुगलेले असतात. दुकानात चालूनही बघा. टोचणारे बूट पुढच्या रविवारी घरीच राहतात.

आणि हो, मागे बसणाऱ्यालाही पाय असतात. त्यांच्यासाठीही एक जोड घ्याच!