सही शाबूत आहे तोवर

वडील सकाळी बँकेतून पासबुक भरून आणतात आणि दुपारी त्याच कामासाठी पुन्हा चपला घालतात. ‘वय झालं, चालायचंच,’ म्हणत घरातले वर्ष-दोन वर्षं काढतात. साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी डॉक्टरांना दाखवावं. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो आणि तो बऱ्याचदा उपचारांनी कमी होतो. दोन दिवसांत एकदम भ्रम झाला तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियम घटल्याची शक्यता असते. तेव्हा तर थांबूच नये.

निदान झालं की भावंडांत जुंपते. परदेशातला म्हणतो, बाबा ठणठणीत आहेत. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं ते तसे दिसतातही. सोबत राहणारी दमलेली असते. ती एका दिवसात सगळंच काढून घ्यायला निघते. (दोघांत मला तिचंच जास्त पटतं.) पण सगळं एकदम कशाला? गॅस, स्कूटर, औषधं यांत जिवाशी गाठ असते, तिथे लगेच हात घालावा. देवपूजा, भाजी निवडणं, कपडे कोणते घालायचे, यात चूक झाली तर बिघडतं काय?

खरी घाई पैशांची. ओटीपी कुणालाही सांगून टाकणं नेहमीचंच, पण त्याहून मोठी अडचण कायद्यात आहे. ‘पुढे लागेल’ म्हणून केलेलं कुलमुखत्यारपत्र नेमक्या वेळी कामाला येत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. मग पालक म्हणून नेमणूक मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता, घर-जमिनीसाठी नाही.

नुसत्या निदानाने मात्र सही बाद होत नाही. सुरुवातीच्या काळात माणूस समजून-उमजून मृत्युपत्र करू शकतो, बँक खात्यात दुसरं नाव घालू शकतो. त्यामुळे निदान झाल्यावर लांबणीवर टाकू नका. वकिलाकडे वडिलांनाच घेऊन जा, सहीच्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा आणि काय हवंय ते त्यांना स्वतःला सांगू द्या.