बुद्धिबळातली बरोबरी

परवा भोसरीत आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी लेकीच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या प्रवेश फीसाठी पाचशे रुपये कर्ज मागितलं. दुसऱ्या ताई पटकन म्हणाल्या, "मागच्या वेळी तीन डाव नुसते बरोबरीत सुटले ना? मग कशाला?" पोरगी आईच्या मागेच उभी होती. तिचा चेहरा बघवेना. म्हणून आज बरोबरीबद्दल बोलते.

बुद्धिबळात जिंकणाऱ्याला एक गुण, हरणाऱ्याला शून्य आणि बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एकीकडे आपल्या नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख, दुसरीकडे तिच्या दुप्पट वयाची, आंध्रची कोनेरू हंपी. पहिल्या डावात पांढऱ्या सोंगट्या दिव्याकडे. सुरुवात क्वीन्स गॅम्बिटने झाली. यात पांढरा वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, काळाही तसंच करतो. मग पांढरा शेजारचं, उंटापुढचं प्यादं पुढे करतो. घे, खा! हंपीने ते खाल्लं. प्यादं फुकट मिळतं खरं, पण खाणारं प्यादं पटाच्या मधून बाजूला जातं, मधल्या जागेवर पांढऱ्याचा जोर वाढतो आणि दिलेलं प्यादं बहुधा परतही मिळवता येतं. (भिशीवाल्याच्या भेटवस्तूसारखंच की!)

दिव्याचं पारडं जड झालं होतं. पण हंपीने चिवटपणे डाव बरोबरीत सोडवला. आता सांगा, तिने त्या दिवशी काहीच कमावलं नाही? दुसऱ्या दिवशी काळ्या सोंगट्या दिव्याकडे होत्या. पहिली चाल पांढऱ्याची, त्यामुळे काळ्याला आधी सांभाळावंच लागतं. तोही डाव बरोबरीत. 28 जुलैला कमी वेळाचे डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत, दुसरा दिव्याने जिंकला. म्हणजे चार डावांत विजय एकच. गुण अडीच विरुद्ध दीड. विश्वचषक दिव्याचा, आणि सोबत ग्रँडमास्टर किताबही.

हा हिशेब मी बैठकीच्या वहीतच मांडून दाखवला. मघाच्याच ताईंनी विचारलं, "मग हिचेही दीड गुण झाले?"

"हो काकू," पोरगी म्हणाली, "आणि दोन डाव काळ्याने खेळले होते."

पाचशे मंजूर झाले. स्पर्धा रविवारी आहे. आईची चाकणला सेकंड शिफ्ट, म्हणून सोबत मी जाणार आहे.