घराची डागडुजी जोडीने करा



गाळप हंगाम आटोपला, की मृगाआधी घराच्या डागडुजीचा विषय निघतो. नांदेड-लातूरकडे अजूनही पुष्कळ घरे दगड-मातीची, माळवदाची आहेत. मालकीण म्हणते, "अहो, चुलीमागची भिंत फुगलीय." आपण म्हणतो, "बघूत की पावसाआधी." तोवर पाऊस येतो.

घरात जास्त वावर तिचा. कोठे ठिबकते, कोणत्या तुळईला वाळवी लागली, हे तिला आधी कळते. म्हणून तिची मदत हवी असेल, तर घमेले हाती देण्याआधी तिचे म्हणणे ऐकावे, असे आम्हास वाटते.

30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आपण विसरलो नाही. सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेकांचा घात घरानेच केला. भिंती रुंद, पण आतबाहेरचे दोन थर एकमेकांना बांधलेले नसत. मधे नुसता माती-खड्यांचा भराव. वर गळतीसाठी दरसाल टाकलेल्या मातीचे ओझे. हादऱ्याने भिंती फुटल्या आणि माळवद अंगावर आले.

पुढे उभ्या घरांच्या मजबुतीकरणाचे काम निघाले. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंत, छत कसे मजबूत करावे हे स्वतः शिकून त्यांनी घरोघर समजावले. तेव्हा 'हे बायकांचे काम नव्हे' असे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये.

दोघांनी मिळून करावयाची कामे :

1. भिंतीला ओळंबा लावा. एकाने वर धरावा, दुसऱ्याने खालून पाहावे. फुगवटा, भेगा खडूने खुणावून ठेवा.

2. नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. साधारण वीतभर थर पुरे. माळवदावर चढण्याआधी कमजोर तुळईला खालून टेकू द्या. माती सगळीकडून सारखी काढा, एका बाजूला ढीग नको.

3. भिंतीचे दोन थर बांधण्यासाठी ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून, सळई टाकून काँक्रीट भरतात. हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करवा. मात्र खर्च, माल दोघांनी बसून ठरवा.

यंदा मालकिणीने भिंत दाखविली, तर "बघूत" न म्हणता लगेच उठून पाहावी, एवढीच विनंती.