स्वस्त अवजारे किती दिवस साथ देतात?

आयटीआयचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधील पोरे दोन वाटांनी निघतात. काही एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागतात. ज्यांना थांबणे परवडत नाही, ते स्वतःचे काम सुरू करतात. फिटर असो, वायरमन असो की सुतार, पहिला प्रश्न अवजारांचा येतो. खिशात चार-पाच हजार रुपये असतात, तेही आईने बचत गटातून उचललेले. अशा वेळी अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर दुकानदार दोन पेट्या पुढे ठेवतो. एक तिप्पट-चौपट किमतीची आणि दुसरी स्वस्त, पण चकचकीत. मुलगा बहुधा दुसरीच उचलतो.

आम्ही पेशाने कारकून. आमच्या हाती कानस कमी आणि लेखणी जास्त. पण कर्जाचे अर्ज भरून देण्याच्या निमित्ताने या मुलांबरोबर दुकानांतून आणि कारखान्यांतून आमचे बरेच फिरणे होते. त्यातून जे पाहिले, मिस्त्री मंडळींकडून जे ऐकले, ते येथे मांडत आहोत.

बाजारात एक हिंदी म्हण नेहमी ऐकू येते : महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार. म्हण खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. ज्याला एकदा रडणेही परवडत नाही, त्याने काय करावे, हे ती सांगत नाही. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे : कोणते अवजार स्वस्त चालते आणि कोणते चालत नाही?

लोखंडाला पाणी

आपल्याकडील खेड्यातला लोहार वखराची पास किंवा कुऱ्हाड घडवतो, तेव्हा शेवटी तिला पाणी देतो. लाल तापलेले लोखंड बुडवून कडक करायचे आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. हे पाणी चुकले तर धार वाकते किंवा तुकडा उडतो. चांगल्या कुऱ्हाडीसाठी लोहार गाडीच्या कमानपट्ट्याचे पोलाद का शोधतो? त्यात पाणी धरण्याची ताकद असते म्हणून. साध्या नरम लोखंडाला कितीही पाणी दिले तरी ते कडक होत नाही.

कारखान्यात तयार होणाऱ्या पान्याचे, पकडीचे, पटाशीचे रहस्य हेच आहे. स्वस्त मालात पैसा दोन ठिकाणी वाचवलेला असतो, पोलादात आणि पाणी देण्यात. वरचा क्रोमचा मुलामा मात्र दोन्हीकडे सारखाच चमकतो. म्हणून चमक आणि वजन पाहून माल घेऊ नये.

नरम पान्याचा जबडा जोर लावताच फाकतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. बडनेऱ्याच्या एका जुन्या मेकॅनिकने आम्हाला ऐकवले, "पाना सस्ता भेटला, पन गोल झालेला नट कोन काढून देते?" नुकसान पान्याचे नाही. नुकसान गिऱ्हाइकाच्या गाडीचे आणि मिस्त्रीच्या नावाचे आहे.

घसाऱ्याचा हिशेब

वाणिज्य शाखेत आम्ही घसारा शिकलो. वस्तूची किंमत तिच्या आयुष्यावर वाटून टाकायची, एवढाच तो हिशेब. समजा, पान्यांचा स्वस्त संच ३०० रुपयांना मिळाला आणि गॅरेजच्या रोजच्या कामात ८ महिन्यांत गेला. महिन्याला साडेसदतीस रुपये पडले. चांगला संच १,२०० रुपयांचा, पण ८ वर्षे टिकला. महिन्याला साडेबारा रुपये. म्हणजे महाग वाटणारा संच तिपटीने स्वस्त झाला. त्यात अवजार मोडल्यामुळे बुडालेली मजुरी धरा. रोज ६०० रुपये असेल तर एका खाड्यात स्वस्तातले दोन संच येतात.

आता दुसरी बाजू. तोच ३०० रुपयांचा संच घरात ठेवला आणि वर्षातून चारदा सायकल कसायला काढला, तर दहा वर्षे सहज जाईल. घरच्या माणसाने १,२०० रुपये घालणे ही उधळपट्टीच. अवजार एकच, पण ज्याची रोजी त्यावर आहे त्याचा हिशेब वेगळा.

कोठे पैसे घालावे, कोठे वाचवावे

तीन प्रकारच्या अवजारांत काटकसर करू नये. पहिली जोर सोसणारी : पाने, हातोडा, पेचकस. दुसरी धारेची : पटाशी, रंध्याचे पाते, ड्रिलचे बिट. लोखंडाला भोक पाडायचे बिट हायस्पीड स्टीलचे आणि भिंतीचे कार्बाइडच्या टोकाचे हवे. तिसरी जीव सांभाळणारी : वायरमनची पकड, ग्राइंडरचे चाक, डोळ्यांचा चष्मा. पकडीच्या दांड्यावरचे साधे प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. ज्यावर १००० व्होल्टची खूण आहे तीच पकड वायरमनने घ्यावी. ग्राइंडरच्या चाकावर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. मशीनचा वेग त्याहून जास्त असेल तर चाक फुटते.

पैसे वाचवायला जागा पुष्कळ आहे. क्लॅम्प, अवजारांची पेटी, ओळंबा, घमेले, करवतीची चौकट स्वस्त घेतली तरी काम भागते. मात्र चौकटीत पाते चांगले लावावे. हातोड्याचे डोके चांगले घ्यावे, दांडा गावातल्या सुताराकडून बसवून घ्यावा.

विजेच्या ड्रिल मशीनचे थोडे निराळे आहे. स्वस्त मशीनमध्ये बॉल बेअरिंगच्या जागी बुश, पोलादाऐवजी प्लास्टिकचे गिअर, तांब्याऐवजी अॅल्युमिनियमचे वाइंडिंग असू शकते. अशा मशीनने पाच-दहा मिनिटे काम घेऊन तिला थंड होऊ दिले तर ती चालते, दिवसभर दामटली तर जळते. घेण्यापूर्वी एकच विचारावे : कार्बन ब्रश आणि गिअर याच गावात मिळतात का? ज्याचा सुटा भाग मिळत नाही, ती मशीन स्वस्त नसून अर्धवट आहे.

दुकानातच करावयाच्या परीक्षा

पान्यासाठी खिशात एक नवा नट न्यावा. पाना लावून हलवून पाहावा, डुगडुगला तर ठेवून द्यावा. पकड मिटून उजेडाकडे धरावी, कापण्याच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. गुण्याची परीक्षा सोपी आहे. सरळ कडेला टेकवून एक रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी ओढावी. दोन्ही जुळल्या तर गुण्या खरा. लेव्हलही तशीच तोंड फिरवून त्याच जागी ठेवावी, बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला पाहिजे. पटाशीवर मागील बाजूस कानशीचा कोपरा हळूच फिरवावा. कानस घसरली तर पटाशी कडक, चावली तर नरम.

मार्क पाहण्याची सवयही लावावी. हातोड्यासाठी आयएस ८४१ आणि पकडीसाठी आयएस ३६५० ही भारतीय मानके आहेत. जालंधर, नागौर येथून हाताच्या अवजारांचा माल देशभर जातो. आपल्याच राज्यात नाशिकच्या टापरिया कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने अवजारे बनवायला सुरुवात केली. मोठ्या नावाशी एखाद्या अक्षराचा फरक करून विकला जाणारा मालही असतो, म्हणून नाव पूर्ण वाचावे आणि पक्के बिल घ्यावे.

जपणूक

चांगले अवजारही निष्काळजीपणाने मरते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लाकडी दांडे आकसतात आणि हातोड्याचे डोके सुटून उडते. दांड्याला वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळावे, पाचर तपासावी. पावसाळ्यात काम संपले की लोखंड पुसून तेलाचा बोळा फिरवावा. छिन्नीचे डोके ठोकून फुलले की घासून टाकावे, त्याच्या कपच्या डोळ्यात जातात. हातोड्यावर हातोडा कधीही मारू नये.

मिळणारे सहाय्य

२०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, चर्मकार, शिंपी आदी १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंतचे अवजार-सहाय्य आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. त्याचा लाभ आपल्या कारागिरांनी अवश्य घ्यावा. फुकट मिळालेली पेटीही वरच्या परीक्षांतून काढावी. तिच्यातील नरम अवजार घरच्या कामाला ठेवावे आणि त्या जागी कमाईतून एकेक चांगले घ्यावे.

नव्याने उभ्या राहणाऱ्या मुलांना आमचे सांगणे एवढेच. सगळी पेटी एका दिवसात भरण्याचा हट्ट नको. ज्या तीन अवजारांवर उद्याची मजुरी अवलंबून आहे, ती पहिल्या पैशांतून चांगली घ्या. बाकीची स्वस्त चालतील. वेल्डिंग मशीनसारखी मोठी वस्तू चौघांनी मिळून घ्या आणि वापराची वही ठेवा. प्रत्येक अवजारावर घेतल्याची तारीख कोरा. दोन वर्षांनी कोणते टिकले आणि कोणते गेले, ते दुकानदाराला विचारावे लागणार नाही. तुमच्या मागून येणाऱ्या पोराला ते तुम्हीच सांगू शकाल.