ट्रान्सफॉर्म होईपर्यंत व्हिलन थांबतो का? खेळण्यातले रोबो, ॲनिमे आणि चाकणची शिफ्ट

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, मधले "अं... म्हणजे..." तेवढे कापलेत. कंसातली वेळ ऑडिओची आहे.)

[००:२०] सीन ओळखा

टेबलावर एक प्लास्टिकचा रोबो उभा आहे. समोर दुसरा, काळा, म्हणजे अर्थातच व्हिलन. हिरो ओरडतो, "आता बघ माझी अंतिम शक्ती!" मग पाय दुमडतात, छाती उघडते, डोक्यावर शिंगं येतात, मागून गाणं वाजतं. हे सगळं चाळीस सेकंद चालतं. आणि व्हिलन? तो गपचूप उभा. एक गोळी घालायची, विषय संपला. पण नाही, तो थांबतो. मग हिरो आपल्या वाराचं नाव आधी मोठ्याने सांगतो, म्हणजे समोरच्याला चुकवायला वेळ मिळावा. मग लहानपणीचा फ्लॅशबॅक. मग चष्मा चमकतो.

खेळण्यातले रोबो घेऊन ॲनिमेची अशी फिरकी घेणाऱ्या शॉर्ट फिल्म तुम्ही रील्समध्ये पाहिल्याच असतील. आपण हसतो, कारण पॅटर्न पाठ आहे. पण हा पॅटर्न आला कुठून? उत्तर एका शब्दात: पैसा. किंवा खरं म्हणजे पैशाची तंगी.

[०२:०५] तंगीतून आलेली स्टाइल

१ जानेवारी १९६३. जपानमध्ये ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर सुरू झाली. अर्ध्या तासाचा एपिसोड, दर आठवड्याला. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं तर स्टुडिओ आठवड्यात झोपणार. मग एकच चित्र तीन फ्रेम दाखवायचं. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ८ चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवायचे. धावताना मागे रेघा पळवायच्या.

आणि सगळ्यात भारी जुगाड म्हणजे 'बँक'. जपानी स्टुडिओत शब्दच हा आहे. एकदा मेहनत करून काढलेला सीन जमा करून ठेवायचा आणि पुढच्या एपिसोडमध्ये पुन्हा काढायचा. अगदी फिक्स्ड डिपॉझिट! रोबोचं ट्रान्सफॉर्मेशन दर वेळी सेम टू सेम का दिसतं, ते आता कळलं? चाळीस सेकंदांचा तोच सीन परत लावला की चाळीस सेकंदांचं काम वाचतं. व्हिलन बिचारा बजेटसाठी थांबलेला असतो.

[०३:५०] खेळणं आधी, गोष्ट नंतर

आता दुसरी बाजू. १९७२ मध्ये आपल्या आकुर्डीत बजाज चेतक आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानी टीव्हीवर 'माझिंगर झेड' आला. गो नागाई यांचा. पोरगा रोबोच्या डोक्यात बसून तो चालवतो, आणि रोबोची मूठ हातातून सुटून उडते. त्याची खेळणी एवढी चालली की पुढे रोबोची सिरियल म्हटलं की खेळणी कंपनी स्पॉन्सर, हे गणितच बसलं.

स्पॉन्सरला काय हवं? दुकानात उठून दिसणारे रंग. नवीन पार्ट, म्हणजे नवीन खोका. म्हणून हिरो दर थोड्या एपिसोडनंतर 'पॉवर अप' होतो.

१९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांनी 'मोबाइल सूट गुंडम' केली. त्यांना युद्धाची गंभीर गोष्ट सांगायची होती. स्पॉन्सर होती क्लोव्हर नावाची खेळणी कंपनी. तिच्या आग्रहाखातर गोष्टीत एक जोडायचं विमान घुसवावं लागलं. सिरियल ५२ भागांची ठरली होती, ती ४३ भागांतच गुंडाळली गेली. मजा पुढे आहे. १९८० मध्ये बांदाईने गुंडमची प्लास्टिकची जोडायची किट काढली, सुरुवातीची किंमत ३०० येन, आणि पोरांनी रांगा लावल्या. १९८१ पासून सिरियलचे सिनेमे निघाले, तेव्हा तोमिनोंनी ते विमान गोष्टीतून काढूनच टाकलं!

तिकडे अमेरिकेत हॅस्ब्रोने जपानच्या ताकारा कंपनीची तयार खेळणी घेतली, त्यांना नावं आणि स्वभाव दिले, आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' उभं केलं. खेळणं आधी, गोष्ट नंतर. तुमच्यापैकी ज्यांनी बेब्लेडसाठी घरी रडारड केलीय, त्यांनी हे स्वतः भोगलंय.

[०६:१०] कंपनीनेच स्वतःवर हसणं

मग या सगळ्यावर विनोद कोणी केला? खुद्द गुंडमवाल्यांनीच. मोठं डोकं, बुटकं अंग, असे 'सुपर डिफॉर्म्ड', म्हणजे एसडी, गुंडम १९८५ पासून नाणं टाकून मिळणाऱ्या कॅप्सूल मशीनमध्ये यायला लागले. आणि १२ मार्च १९८८ ला थिएटरात 'चार्स काउंटरअटॅक' हा गंभीर गुंडम सिनेमा लागला, तेव्हा त्याच्या जोडीला 'मोबाइल सूट एसडी गुंडम' ही विनोदी शॉर्ट फिल्म दाखवली. एकीकडे युद्ध आणि मरण, दुसरीकडे तेच रोबो बुटके होऊन, डोळे मिचकावत एकमेकांची खेचतायत.

ही पॅरडी टिकली, कारण करणाऱ्यांना मूळ गोष्ट आतून माहीत होती. नुसती नक्कल दोन मिनिटं हसवते. 'हे असं का असतं' हे माहीत असलेला माणूस नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतो. पण एक गोष्ट विसरू नका: ती शॉर्टसुद्धा खेळणीच विकत होती. स्वतःवर हसणं हीसुद्धा जाहिरात होऊ शकते.

[०७:४०] आपल्याकडचा रोबो

आता आपल्या पट्ट्यात या. जपानी पोराचा रोबो कपाटात असतो. भोसरी, चाकण, म्हाळुंगेच्या पोराचा रोबो कुंपणाच्या आत असतो आणि वेल्डिंग करतो. त्याला डोकं नाही, पाय नाहीत, नुसता एक हात. घरात कोणी लाइनवर असेल तर विचारा, तो कसा वागतो.

कुंपणाचं गेट उघडलं की रोबो थांबतो. इंटरलॉक असतो. म्हणजे इथे हिरो थांबतो, व्हिलन नाही! त्याला शिकवायचं असेल तर हातात टीच पेंडंट घ्यायचा. त्याच्या मागचं बटण अर्धं दाबलं तर रोबो हलतो. सोडलं तरी बंद, घाबरून घट्ट दाबलं तरी बंद. आणि शिकवताना वेगाची मर्यादा सेकंदाला २५० मिलिमीटर. कल्पना करा: जगाचा अंत जवळ आलाय, आणि आपला महाबली मूठ उगारून सेकंदाला पाव मीटरने पुढे येतोय. मध्येच कोणीतरी चहा घेऊन गेट उघडतो. थांबला!

ॲनिमेत पायलट म्हणजे नियतीने निवडलेला मुलगा. आपल्याकडे पायलट म्हणजे आयटीआय करून आलेला, कॉन्ट्रॅक्टवरचा दादा. ऐन लढाईत त्याला 'ब्रेक' मिळतो, कारण सहा-सात महिने भरत आले. नवा पोरगा येतो, त्याला पेंडंट कुठून धरायचा तेही माहीत नाही. हा जोक कोणत्याही जपानी स्टुडिओला सुचणार नाही. आणि तो नुसता जोक नाही. रोबो आला की कोणाचं काम जाणार, हा प्रश्न आपल्याकडे जेवताना ताटावर निघतो. म्हणून एक पथ्य: हसायचं ते सिस्टिमवर, दादावर नाही.

[०९:३०] करून बघायचं असेल तर

हिशोब सोपा आहे. ६० सेकंदांची फिल्म, सेकंदाला ८ फोटो, म्हणजे ४८० फोटो. त्यात ५ सेकंदांचं ट्रान्सफॉर्मेशन तीनदा आहे. एकदाच काढा, म्हणजे ४० फोटो, आणि दोनदा परत लावा. ८० फोटो वाचले, उरले ४००. हीच तुमची बँक! दोन रविवारचं काम.

मोबाइल स्टँडला किंवा दोन विटांमध्ये घट्ट बसवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोत उजेड बदलून फिल्म लुकलुकेल. खिडकीचा उजेड टाळा, ट्यूबलाइट बरी. ॲप फुकटात मिळतात. खेळणं महागडंच हवं असं नाही. छोटा हत्तीचं स्वस्तातलं प्लास्टिक मॉडेल, नटबोल्टचे हात, काडेपेटीचं डोकं. छोटा हत्ती २००५ मध्ये बाजारात आला तो आपल्या पुण्याच्याच कारखान्यातून, त्यामुळे ट्रान्सफॉर्म व्हायचा पहिला हक्क त्याचा!

आवाज मात्र गावचाच ठेवा. वाराचं नाव जपानीत ओरडू नका. "तळेगाव चौक महाजाम!" असं ओरडा. समोरचा शत्रू तासभर हलणार नाही, आणि या वेळी त्याच्या थांबण्याला खरं कारण असेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्या रोबोचा फायनल अटॅक कोणता, ते व्हॉइस नोटवर पाठवा. आधी नाव मोठ्याने सांगा, वार नंतर. नियम म्हणजे नियम!