श्रम आणि विष (भाग ६) : शेजारच्या कारखान्याचा गाळ

गेल्या आठवड्यात आपण कारखान्याच्या आतली धूळ पाहिली. आज कुंपणापलीकडून येणाऱ्या विषाविषयी.

तमिळनाडूतलं राणीपेट चामडं कमावण्याच्या धंद्यावर वाढलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत टॅनरींचं सांडपाणी शुद्ध करणारं एक सामाईक केंद्र होतं. ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे केंद्रातल्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली. गाळ शेजारच्या टॅनरीत घुसला आणि तिथे झोपलेले दहा कामगार दगावले. बहुतेक जण पश्चिम बंगालहून पोटासाठी आलेले. ती टाकी राखणं, तिची भिंत तपासणं हे काही त्यांचं काम नव्हतं.

माणसं एका रात्रीत गेली म्हणून याची बातमी तरी झाली. हळूहळू झिरपणाऱ्या विषाची तशी होत नाही. राणीपेटमध्येच तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स ही कंपनी क्रोमियमची रसायनं बनवत असे. १९९० च्या दशकात ती बंद पडली आणि लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचरा मागे राहिला. २००६ मध्ये ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने जगातल्या सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांमध्ये राणीपेटचा समावेश केला.

क्रोमियमची दोन रूपं इथे महत्त्वाची. चामडं कमावताना तीन संयुजेचं क्रोमियम वापरतात. ते पेशींत सहज शिरत नाही. क्रोमियमची रसायनं बनवताना मात्र क्रोमाइट खनिज सोडा अॅश घालून भट्टीत भाजलं की सहा संयुजेचं क्रोमियम तयार होतं, आणि ते पाण्यात विरघळून पेशींतही शिरतं. पाण्याने ते कितीही धुऊन घेतलं, तरी उरलेल्या चोथ्यात काही अंश राहतोच. मग प्रत्येक पावसाबरोबर पिवळं पाणी जमिनीत झिरपत जातं. खरचटलेल्या कातडीला ते लागलं की खोल व्रण होतात, लवकर भरून न येणारे. धूळ नाकात जात राहिली तर मधला पडदा झिजून त्याला भोक पडतं. वर्षानुवर्षं ती श्वासावाटे आत गेली, तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने क्रोमियमचे व्रण नोंदवण्याजोग्या आजारांच्या यादीत घातले. कारखान्यातल्या कामगाराला असा व्रण झाला, तर व्यवस्थापकाने तो सरकारला कळवायचा. पण अशाच पाण्यात उभं राहून भात लावणाऱ्या मजूर बाईचं काय? तिच्या पायावरचा व्रण केसपेपरवर त्वचारोग म्हणून लिहिला जातो. तिच्यासाठी कळवणारा व्यवस्थापक नाही, नुकसानभरपाई मागावी असा मालकही नाही. मला हा उघड अन्याय वाटतो. विष तेच, घाम गाळणारं शरीरही तसंच. फरक फक्त हजेरीपटाचा.

म्हणून डॉक्टरांनी ‘काय काम करता?’ एवढ्यावर थांबू नये. काम कुठे करता, पाणी कुठलं वापरता, शेजारी कशाचा ढीग आहे, हेही विचारावं आणि केसपेपरवर लिहावं. तेवढ्या नोंदी असल्या, तरी एकाच ढिगाभोवतीचे व्रण एकत्र मोजता येतील.

पुढच्या भागात : कंपनी बंद झाल्यावर कचरा उचलायचा खर्च कोणी द्यायचा?