शस्त्रांचा खेळ आणि करुणरस

ललितवाङ्मयाची चर्चा करणाऱ्या नियतकालिकात व्हिडिओ गेमला स्थान कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. तो अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. पडद्यावरील पात्राला कळा दाबून पळवावे, शत्रू मारावेत आणि गुण मिळवावेत, एवढेच या खेळांचे स्वरूप असते तर त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नव्हते. परंतु २०१७ साली जपानमध्ये निघालेला ‘निअर ऑटोमाटा’ हा खेळ वीररसाने आरंभ करून रसिकाला करुणरसाशी आणून सोडतो. तो हे कसे साधतो, हे पाहण्यासारखे आहे.

या खेळाचे दिग्दर्शक योको तारो. तो तयार केला प्लॅटिनमगेम्स या संस्थेने व प्रसिद्ध केला स्क्वेअर एनिक्सने. कथा इ. स. ११९४५ मधील. परग्रहवासीयांनी धाडलेल्या यंत्रांनी पृथ्वी व्यापली आहे. माणसे चंद्रावर आश्रयाला गेली आहेत. आणि त्यांच्या वतीने मानवाकृती कृत्रिम सैनिक यंत्रांशी लढत आहेत. टू-बी ही त्यांतील एक योद्धी. नाइन-एस हा तिचा सहकारी.

टू-बीच्या हाती तलवार असते. गोळीबार करते ते तिच्यासोबत हवेत तरंगणारे ‘पॉड’ नावाचे लहानसे यंत्र. एक कळ दाबून धरली की त्याच्या गोळ्या सुटत राहतात. त्यांचा साठा संपत नाही. त्याच वेळी दुसऱ्या कळांनी तलवारीचे हलके वा जड घाव घालावयाचे आणि ऐन क्षणी अंग चोरून शत्रूचा वार चुकवावयाचा. दूरचे युद्ध आणि हातघाईचे युद्ध अशी एकाच वेळी चालतात. मध्येच दृष्टिकोन पालटतो, रणभूमी वरून वा बाजूने दिसू लागते, आणि तलवारबाजीचा खेळ निव्वळ गोळीबाराचा होतो. शिवाय प्रत्येक शस्त्राला स्वतःची एक छोटी कथा आहे. शस्त्र सुधारत न्यावे तशी ती उलगडत जाते.

येथवर हा पराक्रमाचा खेळ आहे. पुढे मात्र शत्रूला चेहरा येऊ लागतो. काही यंत्रे माणसांच्या रीतिभातींचे अनुकरण करतात. पास्कल या तत्त्वज्ञाचे नाव धारण करणारे एक यंत्र शांततेने राहणाऱ्या यंत्रांचे गाव चालविते. एका जुन्या करमणूक-उद्यानात सिमोन द बोव्हार हिचे नाव मिळालेले एक भयंकर यंत्र लढावयास येते; आपण त्याचा निःपात करतो आणि विजयाने सुखावतो. पहिला शेवट झाल्यावर खेळ तीच कथा नाइन-एसच्या बाजूने पुन्हा खेळावयास लावतो. नाइन-एस यंत्रांच्या अंतरंगात शिरू शकतो. आता कळते, की आपल्या प्रियाने एकवार आपल्याकडे पाहावे, एवढ्यासाठी सौंदर्याच्या मागे लागून ते यंत्र असे विक्राळ झाले होते. लढाई तीच, शेवट तोच. पण हात पूर्वीसारखा उठत नाही.

१९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, तरी स्वतःचे भान सोडीत नाही, हा तिचा मथितार्थ. नाटकात शोकान्त पाहणाऱ्याचे हात निर्मळ असतात. या खेळात घाव खेळणाऱ्यानेच घातलेला असतो. म्हणून येथील करुणेत पश्चात्ताप मिसळतो. त्यातच उघड होते, की मानवजात कधीच नामशेष झाली आहे आणि परग्रहवासीयांना त्यांच्याच यंत्रांनी मारून टाकले आहे. धनी उरले नाहीत, तरी चाकरांचे युद्ध चालूच आहे.

दोष नाहीत असे नाही. कथेच्या पुनरावृत्तीत कंटाळवाणे भाग आहेत, आणि वस्तू आणून देण्याची किरकोळ कामे रसभंग करतात. परंतु अखेरचा प्रसंग या उणिवा विसरावयास लावतो. खेळाच्या निर्मात्यांची नावे पडद्यावर येतात आणि तीच आपल्यावर गोळ्या झाडू लागतात. एकट्याचा निभाव लागणे कठीण. हरत गेल्यावर अनोळखी खेळाडूंचे धीराचे शब्द दिसतात, त्यांचे साहाय्य येते आणि आपण पार पडतो. मग खेळ विचारतो: तुमच्यासारख्याच एखाद्या अनोळखी माणसाला साहाय्य व्हावे म्हणून तुम्ही आपल्या खेळाच्या साऱ्या नोंदी कायमच्या पुसून द्याल काय? तोवर कळते, की आपल्यासाठी धावून आलेल्यांनीही हेच दिले होते.

कित्येक तासांच्या श्रमाने मिळविलेली शस्त्रे आणि त्यांच्या कथा यांवर त्या क्षणी पाणी सोडावे लागते, आणि साहाय्य कोणाला झाले हे कधीच कळत नाही. त्यागाचे वर्णन वाङ्मयाने पुष्कळ केले आहे. येथे तो, अल्प का होईना, रसिकाला स्वतः करावा लागतो. या खेळाला वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. तलवार हाती देऊन अखेर ती खाली ठेवावयास शिकविणारी ही कलाकृती रसिकांच्या आदरास पात्र आहे, असे आम्हांस वाटते.